शेपटीचा साबण

शार्शेनचं डोकं फिरलं ते एका गुलाबी वडीवरून.

रविवारी लेकीच्या, मीरिमच्या, होणाऱ्या सासरची माणसं सोयरीक पक्की करायला येणार होती. त्यांच्या हातांवर पाणी घालायच्या जागी बायकोने, बुरुलने, बाजारचा सुवासिक साबण ठेवला. शार्शेनने तो हुंगला आणि त्याला लागोपाठ सात शिंका आल्या. (त्याने मोजल्या. चिडलेल्या माणसाचं गणित पक्कं असतं.)

"माझ्या आईच्या घरी पाहुणा राखेच्या काळ्या साबणाने हात धुवायचा! आणि आपण व्याह्यांना हे अत्तर चोळायला देणार?"

"मग मी काय काय करू?" बुरुल म्हणाली. "रानचाकवत जाळून राख केलीय, तिचं पाणी गाळून मडक्यात भरलंय, चरबी कोठीत टांगलीय. साबण आता लग्नानंतर."

"मी करतो."

बुरुल एवढी हसली की तिला चुलीजवळ बसावं लागलं. "अहो, कढईत पुरुष डोकावला की साबण फाटतो. तुमच्याच आईने सांगितलंय मला."

शार्शेनची कानशिलं तापली. पाचशे मेंढ्या घेऊन बर्फातून खिंड ओलांडणारा माणूस, आणि त्याच्या नजरेने साबण फाटणार?

शनिवारी सकाळी मायलेकी मावशीकडे रजया आणायला गेल्या, आणि शार्शेन बाह्या सरसावून कोठीत शिरला. तिथे दोन चरब्या टांगलेल्या. एक मळक्या पोत्यात, वर्षभर साठवलेली, पिवळी, वास मारणारी. दुसरी स्वच्छ फडक्यात, पांढरीशुभ्र, गुबगुबीत. साबण करायचा तर निवडक मालाचा, नाहीतर करूच नये, असं शार्शेनचं मत होतं. (मत मिनिटापूर्वीच तयार झालं होतं.) त्याने पांढरी काढली.

राखेच्या पाण्यात अंडं सोडलं. तरंगलं. म्हणजे पाणी जहाल झालं. मग चरबी, मग ढवळणं. आठ तास. धुराने डोळे लाल, मनगट सुजलेलं, अंगाला रेड्याचा वास. शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काय शार्शेन, बायको सोडून गेली वाटतं?" तो ढवळतच राहिला. कारागीर उत्तरं देत नसतात.

संध्याकाळी कढईत तपकिरी, दाट लगदा जमला. त्याचे त्याने बारा गोळे वळले. एकही फाटला नाही. बुरुल परतली तेव्हा त्याने ते अभिमानाने मांडून ठेवले होते. तिने एक उचलला, हुंगला आणि हात धुवायच्या जागेवरून गुलाबी वडी काढून घेतली. त्या रात्री शार्शेन राजासारखा झोपला.

रविवारी दुपारी पाहुणे अंगणात उतरले, आणि त्याच वेळी बुरुल कोठीतून बाहेर आली. चेहरा पिठासारखा.

"अहो, पांढऱ्या फडक्यातली चरबी कुठंय?"

"साबणात. का?"

"साबणात? अहो, ती शुक्रवारी कापलेल्या मेंढ्याची शेपटी होती, नुसत्या चरबीची! काळजाबरोबर व्याह्यांच्या तोंडात काय घालू आता? शेपटी खाल्ल्याशिवाय सोयरीक पक्की होते का कधी? शेपटी न खाता परतले तर गावभर होईल, मीरिमच्या बापाने नकार दिला म्हणून!"

"मग पोत्यातल्या चरबीवर साबण असं लिहायचं होतंस!"

"वास येत नव्हता तुम्हाला?"

दारातल्या मीरिमच्या डोळ्यांत पाणी तरळलं, तसा शार्शेनचा राग विरला. मुलगा तिच्या पसंतीचा होता.

मुलाची आजी, उल्जान, ऐंशीची, तोंडात तीन दात, हात धुवायला बसली. काळा गोळा चोळला, थांबली, पुन्हा चोळला.

"शेपटीचा आहे ना हा?"

"हो, आजी," बुरुल काकुळतीने म्हणाली. "चूक झाली. तुमच्यासाठी ठेवलेली शेपटी चुकून याच्यात गेली. ताटात आता नुसतं काळीज आहे."

म्हातारीने साबणाचा हात मुलाच्या बापाच्या तोंडावरून फिरवला, मग स्वतःच्या गालावरून. "शेपटी चावायला दात कुणाला आहेत? एरवीही सोयरिकीत निम्मी आपण एकमेकांच्या तोंडाला फासतोच. शेपटी पोचली. सोयरीक पक्की!"

सगळे हसले. मीरिम रडत हसली.

"असा साबण तीस वर्षांत हाताला लागला नाही," म्हातारी म्हणाली. "कुणी केला?"

शार्शेनने छाती पुढे काढली. "मी—"

बुरुलची टाच त्याच्या अंगठ्यावर बसली. "मी सांगते ना! आमच्या मीरिमने."

"वाटलंच. पुरुषाने केला असता तर फाटला असता. पोरी, माझ्या पाचही सुनांना शिकवायचं हं तू."

मीरिमने आयुष्यात फक्त गुलाबी वडीचं वेष्टन फोडलं होतं. ती बापाकडे बघत राहिली. बापाने पोरीकडे पाहिलं आणि काळजाचा एक मोठा तुकडा न चावता गिळला.

पाहुण्यांच्या गाडीची धूळ खाली बसताच तो फुटला. "आठ तास! मनगट बघ माझं! घाम माझा आणि नाव पोरीचं? उद्याच जाऊन म्हातारीला सांगतो!"

"उद्या कुठेही जायचं नाही," बुरुल म्हणाली. "लग्नाला दोन महिने उरलेत. उद्यापासून अंगणात कढई मांडा आणि पोरीला शिकवा."

"शिकवतो! पण लपूनछपून नाही, ताठ मानेने!"

"मान ताठ ठेवा की. फक्त डोक्याला माझा रुमाल बांधा आणि ती मिशी काढून टाका. म्हातारी न सांगता येऊन टपकते म्हणतात. लांबून तरी तुम्ही बाई दिसलं पाहिजे."