नऊची डिस्क, तीनची डिस्क

माझ्या ताब्यातल्या डिस्कवरून काही हरवलंय, असं आजवर झालेलं नाही आणि मी होऊही देणार नाही! आमच्या ऑफिसात पुलांचे नकाशे काढतात आणि सगळ्यांचं काम एकाच मोठ्या डिस्कवर असतं. रोज सकाळी नऊला मी काळ्या पडद्यावर कमांड टाईप करून तिचा स्नॅपशॉट घेतो, म्हणजे त्या क्षणी ती जशी होती तशी धरून ठेवतो. माउसला हात लावत नाही. माउस लेच्यापेच्यांसाठी!

परवा दुपारी तीनला साहेब ओशाळत आले. माझ्या बढतीचं शिफारसपत्र त्यांनी आदल्या दिवशी लिहून ठेवलं होतं, ते चुकून पुसलं गेलं म्हणे. पाचच्या आत वर पाठवायचं होतं. सात वर्षं वाट पाहिलेली बढती! म्हटलं, साहेब, निर्धास्त राहा. आधी तीनचा स्नॅपशॉट घेतला आणि मग दणक्यात अख्खी डिस्क नऊवर नेली. पत्र आलं.

पण नऊनंतरचं सगळं गेलं. त्यात माझ्या बायकोनं सकाळपासून मान मोडून काढलेला नकाशा होता. ती पलीकडच्याच टेबलावर बसते. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी मुकाट डिस्क तीनवर आणली. नकाशा आला, पण साहेब केबिनमध्ये जाऊन उघडतात तोवर पत्र गायब! पुन्हा नऊवर. बायको उठून उभी राहिली. पुन्हा तीनवर. माघार घेणं माझ्या रक्तात नाही. साडेचारपर्यंत अख्ख्या ऑफिसला मी सहा वेळा सकाळ दाखवली.

शेवटी बायको खुर्ची ओढून शेजारी बसली. "अरे, नऊचा स्नॅपशॉट वेगळी डिस्क म्हणून बाजूला जोडता येत नाही का? त्यातून ते एक पत्र तेवढं उचल ना."

येतं. स्नॅपशॉट त्यासाठीच असतो. दोन मिनिटांत पत्र साहेबांसमोर होतं आणि नकाशाही जागच्या जागी.

साहेब मोठ्यानं वाचू लागले, "शांत डोक्याचे, पूर्ण विचार करूनच पाऊल उचलणारे..." आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पत्र पुसून टाकलं. या वेळी चुकून नाही.

"हे परत येऊ शकतं?" त्यांनी विचारलं.

"येतं की, साहेब! नऊचा स्नॅपशॉट आहे ना."

"तोही पुसा."

ती कमांड मात्र मी पहिल्याच झटक्यात, एकही चूक न करता टाईप केली.