गयाआत्याचं स्वादुपिंड

लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेण्याआधी आमची गयाआत्या वाढप्याला अडवते आणि विचारते, "जिलबी एकदाच फिरणार का दोनदा? आत्ताच सांग, मला डोस ठरवायचाय." तो बिचारा आचाऱ्याला विचारून येतो. मग आत्या पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढते आणि सगळ्यांदेखत पोटाला टोचून घेते. शेजारची बाई पत्रावळीसकट बाजूला सरकते.

"भिऊ नको," आत्या तिला सांगते. "माझं स्वादुपिंड हळद लागायच्या आधीच काम सोडून गेलं. तवापासून त्याची ड्युटी मीच करते. मी स्वतःच स्वतःची ग्रंथी हाय."

आमच्या घरातली पहिली बीएस्सी मी. अंतःस्रावी ग्रंथींचा धडा मी मोठ्यानं पाठ करायचे, तेव्हा आत्या पिशोरहून तपासणीला येऊन आमच्याकडं राहिलेली होती. तिनं तो धडा माझ्याकडून नीट समजून घेतला आणि घरचाच करून टाकला. हार्मोन म्हणजे सांगावा. या ग्रंथींना नळी नसते. सांगावा सरळ रक्तात सोडायचा. रक्त तो गावभर फिरवतं, पण ज्याच्या नावाचा असेल त्यालाच तो कळतो. पीयूषिका वाटाण्याएवढी, पण मेंदूखाली बसून बाकीच्यांना हुकूम सोडते. "आमच्या सासूबाईवाणी. दिसायला एवढीशी, पण तिला इचारल्याबिगर घर हलायचं नाय." थायरॉईड चुलीचा जाळ कमीजास्त करते. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अॅड्रिनल, कुत्रं मागं लागलं की पळायला लावते. आणि इन्सुलिन? साखर पेशीच्या दारात उभी असते, तिला आत घ्यायला कडी काढणारं कुणीतरी लागतं.

परीक्षेत मी हेच जरा सभ्य भाषेत लिहिलं आणि पहिल्या वर्गात पास झाले. आज ज्युनिअर कॉलेजात हाच धडा शिकवते. आत्या एसटीत ओळख ना देख अशा बायकांना थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेतली का म्हणून दटावते आणि वर सांगते, "आमच्या बीएस्सीनं सांगितलंय."

यंदा पैठण रोडवरच्या एका मंगल कार्यालयात चुलतभावाचं लग्न होतं. माझ्या भावाची मुलगी पल्लवी बारावीला आहे. तिला गेल्या वर्षी आत्याचाच आजार निघाला. वहिनीनं घरात दंडक घातला होता, बाहेर कुणाला कळता कामा नये, उद्या स्थळं येणार नाहीत. त्यामुळं पल्लवी बाहेर कुठं गेली की संडासात जाऊन इंजेक्शन घ्यायची. कार्यालयात नेमकी तिथं बायकांची रांग. भूक नाही म्हणून पोरगी कोपऱ्यात बसून राहिली. आत्यानं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हाताला धरून तिला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं.

वहिनी धावत आली. "आत्याबाई, हात जोडते, इथं नको. समोर नवरीकडची माणसं बसलीत."

मला वाटलं, आता आत्याचा आवाज पार पार्किंगपर्यंत जाणार. पण ती इतकं हळू बोलली की मला वाकून ऐकावं लागलं.

"माझ्या आईनंबी सासरी सांगितलं नव्हतं. मी गोठ्यात जाऊन टोचायचे. एक दिवस तिथंच चक्कर येऊन पडले. म्हैस रेकायची थांबंना म्हणून सासरा बघाय आला. तवर माझ्या आजाराचं एका म्हशीलाच माहीत होतं, सूनबाई. या पोरीला गोठ्यात नको धाडू."

हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. वहिनीनं आपल्या पर्समधून पल्लवीचं पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं.

पल्लवीनं पेनाचं टोपण काढलं आणि समोरच्या माणसांकडं बघून ती थांबली. आत्यानं पटकन पदर पसरून तिच्यापुढं आडोसा धरला. पोरीनं त्या पदराकडं बघितलं.

"नको आज्जी," ती म्हणाली. "घे बाजूला."

कुर्त्याची बाही वर सारून तिनं दंडाला सुई लावली. भर पंगतीत, मान वर ठेवून.

आत्याचा पदर तसाच हवेत राहिला होता. सगळं चारचौघांत करणाऱ्या माझ्या आत्यानं डोळे मात्र भिंतीकडं तोंड करून पुसले.