व्हिन्सेंटचा एकुलता एक फोटो

डेल्फिन आंटीने प्लासिडच्या काउंटरवर मोबाईल ठेवला आणि म्हणाली, "यात एकच फोटो आहे. मोठा करून फ्रेम करून दे. ह्यांना जाऊन महिना होतोय, रविवारी चर्चमध्ये मिस्सा आहे."

माणिकपूरच्या त्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढण्यात आणि नवरदेवांच्या गालांवरचे मुरूम पुसण्यात प्लासिडची बारा वर्षं गेली होती. मनातून तो स्वतःला कलावंत समजायचा. तसं काही करून दाखवायची वेळ मात्र गिऱ्हाईकं त्याच्यावर येऊ देत नसत.

फोटो निर्मळच्या तळ्याचा होता. आंटीचा नवरा व्हिन्सेंट मोगऱ्याची शेती करायचा. पहाटे फुलं खुडून झाली की तळ्याकाठच्या छोट्या क्रुसापाशी तो घटकाभर बसायचा. "देवाशी बोलून येतो," एवढंच घरी सांगायचा. मुलगा ॲलिस्टर कुवेतला. त्याने पाठवलेला मोबाईल व्हिन्सेंटने चार महिने खोक्यातच जपून ठेवला, मग एका सकाळी तळ्यावर नेऊन हा फोटो काढला. पुढच्याच आठवड्यात तो गेला.

"फक्त मोठा करायचा?" प्लासिडने विचारलं.

"फक्त मोठा."

पण फोटो पडद्यावर आला आणि प्लासिडला राहवेना. क्रुसाच्या डोक्यावरून विजेची तार गेली होती, आभाळ मळकट होतं, कोपऱ्यात लालसर डाग होता. माणसाच्या शेवटच्या प्रार्थनेची जागा अशी दिसावी? त्याने तार काढली. तार गेल्यावर आभाळ फारच रिकामं वाटलं म्हणून ढग घातले. ढग आले तर त्यांतून किरण यायला हवेत, आणि किरण आले तर पाणी सोनेरी व्हायलाच हवं. जाता जाता डागही पुसला. मग सगळं त्याच नावाने सेव्ह केलं. मोबाईलमधून फोटो घेताना त्याने सवयीने कॉपीऐवजी कट केलं होतं, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

रविवारी फ्रेम वेदीजवळ ठेवली. व्हिन्सेंटचे शेजारी टोनी अंकल बराच वेळ तिच्यापुढे उभे राहिले.

"व्हिन्सेंट सकाळी बसायचा ना? मग सूर्य मावळतीच्या बाजूला कसा?"

"जाणाऱ्या माणसाला तसा दिसतो," मागून एक म्हातारी म्हणाली आणि तिने क्रुसाची खूण केली.

फादर केनी प्रवचनात पाच मिनिटं किरणांवर बोलले. "व्हिन्सेंटला जे दिसलं ते आपल्याला दिसत नाही." शेवटच्या बाकावर प्लासिडने मान खाली घातली. ते व्हिन्सेंटलाही दिसलं नव्हतं.

मिस्सेनंतर तिघांनी किरणवाल्या फोटोची कॉपी मागितली. त्यांना कसंबसं टाळून तो निघाला, तर आंटीने त्याला बाजूला घेतलं.

"प्लासिड, अंगठा कुठे गेला?"

"कसला अंगठा?"

"ह्यांचा. कोपऱ्यात आला होता. मी हसले, म्हटलं, तळ्याचा फोटो काढलात की अंगठ्याचा? तर म्हणाले, असू दे, देवाला कळेल कोण आलं होतं." मग ती म्हणाली, "त्या अंगठ्यासाठीच मोठा करायला दिला होता."

प्लासिड स्टुडिओत धावला. मोबाईल रिकामा होता. कॉम्प्युटरमध्ये सोनेरी पाणी तेवढं होतं. त्याने रजेवर आलेल्या ॲलिस्टरला गाठलं. "पप्पांनी तुला पाठवला असेल ना?"

ॲलिस्टर म्हणाला, "पाठवला होता. मी कळवलं, बोट आलंय, परत काढा. आणि डिलीट केला."

दोघं काउंटरच्या अलीकडे-पलीकडे बसून राहिले. शेवटी ॲलिस्टरनेच हात पुढे केला. "माझा अंगठा पप्पांसारखाच आहे. सगळे म्हणतात."

प्लासिडने त्याचा अंगठा लेन्सपुढे धरून फोटो काढला. आयुष्यभर लोकांचे डाग काढलेल्या माणसाने त्या दुपारी एक डाग घालायला तीन तास लावले. किरणही त्याने पुसत आणले. पण खालचं खरं मळकट आभाळ काही परत आलं नाही.

आंटीने फ्रेममधला नवा फोटो खिडकीपाशी उजेडात धरला.

"हा ह्यांचा नाही."

तिने ॲलिस्टरचा हात ओढून घेतला आणि फोटोशेजारी धरून पाहिला. मग तो हात तिने सोडलाच नाही.

"आणि ह्यांचा उजव्या कोपऱ्यात होता," ती म्हणाली. "तुम्ही डावीकडे घातलात."

"आत्ता बदलतो, आंटी. दोन मिनिटांचं काम," प्लासिड घाईने उठला.

"बस खाली. आता त्याला हात लावू नकोस." तिने पदराने काच पुसली. उजव्या कोपऱ्यावर तिचा हात जरा जास्त वेळ फिरत राहिला. "ही जागा ह्यांची. राहू दे रिकामी."