नाव घातलेला कम्प्युटर

"तयार कम्प्युटर आणायचा नाही," अनुजने घरात जाहीर केलं. "एकेक पार्ट निवडून मी जोडणार. बघणाऱ्याने विचारलं पाहिजे, कोणी जोडला म्हणून!"

त्याने याआधी स्वतः जोडलेली एकमेव वस्तू म्हणजे दिवाळीची लायटिंग, आणि ती तुळशीच्या लग्नानंतर लागली होती. पण आत्मविश्वासात त्याचा हात धरणारा अख्ख्या जळगावात कोणी नव्हता.

कम्प्युटर हवा होता त्याच्या धाकट्या बहिणीला, प्रियलला. ॲनिमेशनच्या कॉलेजात प्रवेश मिळायचा तर दोन मिनिटांची फिल्म रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची होती. चित्रं तयार होती, पण त्यांची फिल्म करायला घेतली की तिचा मोबाइल मान टाकायचा.

अनुजने आठ दिवस व्हिडिओ बघून पार्टांची यादी केली. ती पाहून दादाजी, म्हणजे आजोबा मिश्रीलालजी, खूश झाले. "एवढे नग? वा, सगळ्या पाहुण्यांचा मान होईल." या घरात मोठी वस्तू एकट्याने घ्यायची पद्धतच नव्हती. मदरबोर्ड धुळ्याच्या पुनम आत्याच्या वाट्याला गेला, प्रोसेसर शिंदखेड्याच्या योगराज मामांच्या, कॅबिनेट पारोळ्याच्या काकांच्या. मॉनिटर दादाजींनी स्वतःकडे ठेवला.

"नंबर बघूनच घ्या," अनुजने प्रत्येकाला तीनतीनदा फोन केला.

शनिवारी सकाळी सगळे पार्ट घेऊन हजर झाले. अनुज आंघोळीला गेला. आता दादाजींचं भांड्यांचं दुकान, चाळीस वर्षांचं. भांड्यांवर नाव घालायचं मशीन कायम हाताशी. नाव घातल्याशिवाय त्यांच्या दुकानातून कधी साधी वाटीसुद्धा बाहेर पडली नव्हती. अनुज नवा शर्ट घालून आला तेव्हा दादाजी मशीन पुसून ठेवत होते.

"घातली बरं का नावं," ते म्हणाले. "फक्त पत्र्यावर घातली, वायरीला हात लावला नाही."

मारी बिस्किटाच्या चतकोराएवढा प्रोसेसर, आणि त्यावर लिहिलेलं, 'चि. प्रियल हिस मामांकडून सप्रेम भेट'. अक्षर मात्र सुरेख होतं. अनुजने नारळ फोडला, मदरबोर्ड काढला आणि प्रोसेसर बसवायला घेतला. तो बसेना. इकडून नाही, तिकडून नाही.

"दाबून बघ," मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही यादीतलाच नंबर आणला ना?"

मामा दुखावले. "यादीतला? भाचीला मागितलं तेवढंच द्यायला मी काय परका आहे? एक पायरी वरचा आणलाय, एकदम नवा!"

त्या एका पायरीने घात केला होता. नव्या प्रोसेसरला बोर्डही नवाच लागतो. अनुजला पुन्हा आंघोळ केल्यासारखा घाम फुटला. तो प्रोसेसर घेऊन दीपकच्या कम्प्युटरच्या दुकानात पळाला.

दीपकने डोळ्यांजवळ धरून तो वाचला. "भाऊ, माल बठ्ठा चांगला शे. पन तुना मामानं नाव आते मी कोनले इकू?"

मामांचं नाव घातलेला माल दुसऱ्या कोणाला विकता येणार नव्हता, म्हणून दीपक तो बदलून देईना. घरी आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. बोर्ड बदलला तर आत्याचा अपमान, प्रोसेसर बदलला तर मामांचा.

"माझा बोर्ड काढा, मामांचा मान राहू द्या," आत्या म्हणाली.

"छे, छे! ताई, तुमचा बोर्ड राहील, माझाच काढा," मामा म्हणाले.

जेवणं होईपर्यंत हेच चाललं होतं. प्रियल कोपऱ्यात बसून घड्याळ बघत होती, आणि तिच्याकडे बघून अनुजला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. जेवून आत्या धुळ्याला आणि मामा शिंदखेड्याला निघून गेले.

रविवारी सकाळी मामा आले ते यादीतला, जुन्या बोर्डाला चालणारा प्रोसेसर घेऊन. पाठोपाठ आत्या आली, मामांच्या नव्या प्रोसेसरला चालणारा नवा बोर्ड घेऊन. दोघांनी एकमेकांच्या हातातले खोके पाहिले आणि अनुजने डोकं धरून खाली बैठक मारली.

"दादा," प्रियल हळूच म्हणाली, "जुन्या बोर्डाला जुना प्रोसेसर बसतो. नव्याला नवा. आता आपल्याकडे दोन जोड्या आहेत, आणि दोन्हींत मामाही आहेत, आत्याही आहे."

अनुज उडालाच! दादाजींनी नव्या बोर्डावरही आत्याचं नाव घातलं, अनुजने नवी जोडी पारोळ्याच्या कॅबिनेटमध्ये बसवली, दीपकने येऊन बाकीचं सगळं चढवून दिलं, आणि दुपारी तीनला कम्प्युटर सुरू झाला. आत्या रडली, मामांनी पेढे मागवले. पावणेसहाला प्रियलची फिल्म कॉलेजला पोहोचली. तिने दादाला मिठी मारली आणि अनुजची छाती शर्टात मावेना.

मग त्याच्या लक्षात आलं. कम्प्युटरवर आत्याचं नाव, मामांचं नाव, काकांचं नाव. ज्याने जोडला त्याचंच कुठे नाही.

"दादाजी," तो लाजत म्हणाला, "माझंही घाला ना. पण सगळ्यांना दिसेल अशा जागी."

"घालतो की," दादाजी म्हणाले. अनुज समाधानाने दिवाणावर आडवा झाला आणि दोन रात्रींची झोप एकदम घेऊन मोकळा झाला.

प्रियलला प्रवेश मिळाला. ती रोज त्याच कम्प्युटरवर काम करते, आणि तिच्या प्रत्येक फिल्ममध्ये हिरोच्या बरोबर कपाळावर सुरेख अक्षरात दिसतं, 'जोडणार : चि. अनुज'. मॉनिटरची काच दादाजींच्या मशीनला पितळेपेक्षा सोपी गेली. आता बघणारा कोणीही कोणी जोडला म्हणून विचारत नाही.