टायरची जन्मतारीख

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला कोणताही दुकानदार फसवू शकत नाही! वाळूजच्या कंपनीत गेली सतरा वर्षं मी क्वालिटीत आहे. टेबलावर आलेला पार्ट अर्ध्या केसाइतका जरी वाकडा असला, तरी मी परत पाठवतो. सप्लायर लोक मला पाहून रस्ता बदलतात. त्यामुळं आमच्या गाडीचे टायर बदलायची वेळ आली, तेव्हा मी छाती पुढं काढून सरिताला म्हणालो, "टायर मी निवडणार. तू फक्त बघत राहा!"

"मला वेळ नाही बघायला," बायको म्हणाली. "आणि जातच आहात तर मागच्या सीटवरच्या गोधड्या धुवायला टाका. आठवडा झाला, गाडीतच लोळतायत."

आमची गाडी पंधरा वर्षांची. पांढरी, बुटकी. अशी गाडी आपल्या शहरात प्रत्येक चौथ्या घरापुढं उभी असते. एसी बंद, हॉर्नला कायमची सर्दी, आणि सकाळी चालू होताना तीनदा खोकल्याशिवाय इंजिन बोलत नाही. चावीचे दात तर इतके झिजलेत की तिला चावी म्हणण्यापेक्षा चमचा म्हणावं. आणि टायर? टायर इतके गुळगुळीत की त्यात बघून भांग पाडावा! मागच्या महिन्यात ब्रेक एका चौकात मारला आणि गाडी थांबली दुसऱ्या चौकात.

मी महिनाभर अभ्यास केला. रात्रंदिवस मोबाईलवर टायरचे व्हिडिओ! त्यातून एक ब्रह्मास्त्र हाती लागलं. प्रत्येक टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. थोडक्यात, टायरची जन्मतारीख! जुना पडून राहिलेला माल ताजा म्हणून गळ्यात मारणारा दुकानदार नेमका इथंच पकडायचा.

शनिवारी सुट्टी होती. बजाजनगरहून निघालो तो थेट पैठण गेट. लग्नसराईचे दिवस, गुलमंडीकडं मुंगीला शिरायला जागा नाही. एका गल्लीत कशीबशी गाडी लावली आणि पायीच फकिराशेठच्या टायरच्या दुकानात गेलो. हे फकिराशेठ म्हणजे पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. आत हवा भरायच्या मशिनचा असा धडधडाट की कानाला तोंड लावून बोलावं.

"बोला साहेब, कंचे टायर दाखवू?"

मी खिशातून बॅटरी काढली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि म्हणालो, "सगळे."

पहिला टायर मी परत केला. दोन वर्षांचा होता. दुसरा दीड वर्षाचा. तिसरा चालू वर्षाचा, पण आठवडा बाविसावा.

"बाविसाव्या आठवड्यात काय वाईट हाय?" फकिराशेठ चक्रावले.

"मे महिना. गोडाऊनमध्ये ऊन लागलेलं असणार."

"साहेब," ते घाम पुसत म्हणाले, "टायर घ्यायला आलाय का पोरीला स्थळ बघायला? आता पत्रिका काढून गुण जुळवायचे ऱ्हायलेत!"

दीड तास लागला. पण शेवटी अगदी वरच्या फळीवरून, चार सख्ख्या भावांसारखे, एकाच आठवड्यात जन्मलेले चार कोवळे टायर मी शोधून काढलेच! हात फिरवला तर रबरावरची लव लागत होती. फकिराशेठनी मान डोलावली. "आणा गाडी."

मी गल्लीत गेलो. डोक्यात टायर, डोळ्यांपुढं टायर. पांढरी गाडी दिसली, मागच्या सीटवर गोधड्यांचा ढीग दिसला, चावी लावली, लागली! गाडी खोकलीसुद्धा नाही. मनात म्हटलं, नवे टायर मिळणार म्हणून खुशीत आहे बिचारी.

दुकानापुढं गाडी जॅकवर चढली. फकिराशेठ जुन्या टायरवर बोट फिरवत म्हणाले, "साहेब, ह्यात जीव हाय अजून. दहा हजार किलोमीटर आरामात निघतील. कशाला बदलता?"

दुकानदार गिऱ्हाइकाला टायर घेऊ नका म्हणतो! मला धक्काच बसला. महिनाभर मी विकणाऱ्याच्या शंभर युक्त्या शिकलो होतो, पण ही युक्ती एकाही व्हिडिओत नव्हती. नक्कीच यात काहीतरी काळंबेरं होतं.

"काढा!" मी गरजलो. "मला शिकवू नका!"

त्यांनी खांदे उडवले. मशीन धडधडायला लागली. मी बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक टायरचे आकडे पुन्हा तपासत होतो, तेवढ्यात फकिराशेठ गाडीच्या काचेत डोकावून ओरडले. मला एवढंच ऐकू आलं, "मागं... पडल्यात... उतरवू का?"

"राहू द्या!" मीही ओरडलो. "आठवडा झाला तिथंच पडलंय ते! बायकोला धुवायला वेळ नाही!"

फकिराशेठ माझ्याकडं बघतच राहिले. मला वाटलं, माझ्या टायरज्ञानाचा आदर आहे त्या नजरेत.

पैसे दिले, गाडी काढली. आणि काय सांगू तुम्हाला! टायरचा एवढा फरक पडतो? स्टेअरिंग लोण्यासारखं. हॉर्न खणखणीत. चुकून एसीचं बटण दाबलं गेलं, तर गार हवा! चाकांची अलाइनमेंट केल्यावर हवासुद्धा सरळ येत असणार. आरशाला लिंबू-मिरची लटकत होती. फकिराशेठनी नव्या टायरांना दृष्ट लागू नये म्हणून बांधली असणार. काय ती सर्व्हिस! मी सरिताला फोन लावून सांगितलं, "गाडी ओळखूच येत नाहीये गं!"

शपथेवर सांगतो, हेच शब्द.

नगर नाका मागं पडला. मी शीळ घालत होतो. आणि अचानक माझ्या मानेच्या मागून आवाज आला:

"कारभारी, वाळूज आलं का रं?"

ब्रेक! असा कचकन ब्रेक लागला की गाडी जागच्या जागी खिळली. माझं काळीज बाहेर पडायच्या बेतात होतं, तरी टायरची पकड उत्तम आहे एवढं मी त्या क्षणीही पाहून घेतलं. हळूच मान वळवली. गोधड्यांचा ढीग हलला. त्यातून आधी एक पांढरी वेणी आली, मग हिरवं नऊवारी, मग बांगड्यांचा हात.

"क... कोण?"

"म्या भामाबाई. तू कोण?"

"मी अभय!"

"भय? कशाचं भय वाटतंय बाबा?"

"अभय! अभय साळवे! आजी, तुम्ही माझ्या गाडीत कशा आलात?"

"तुझी?" आजी ताठ बसल्या. "ही माझ्या पोराची, कारभारीची गाडी हाय. तूच कसा आला?"

मी दार उघडून खाली उडी मारली आणि गाडीपुढं जाऊन नंबर वाचला. आमच्या गाडीच्या नंबरशी त्याचा फक्त शेवटचा आकडा जुळत होता. नऊ!

रस्त्याच्या कडेला मी मटकन खाली बसलो. मागच्या सीटवर ज्या मी गोधड्या समजलो, ती नव्याकोऱ्या कपड्यांची गाठोडी होती. साड्या, धोतरं, फेटे, टॉवेल. मी एक गाडी चोरली होती. लग्नाचा बस्ता चोरला होता. आणि एक आख्खी आजी पळवली होती! पळवण्याआधी तिला चारदा जॅकवर चढवली होती!

"आजी, तुम्हाला कळलं कसं नाही?"

"मला वाटलं, डुलकीत पाळण्यात बसलेय," आजी म्हणाल्या. "नातीच्या लग्नाचा बस्ता फाडायला आलो गंगापूरवरून. पोरं म्हटली, आज्जे, तू दमली, गाडीत पड. आम्ही शालू तेवढा बघून येतो. आता तू उठ, असा बसू नको. च्या पाज. घशाला कोरड पडलीय."

आजींना समोरच्या टपरीवर बसवलं, चहा दिला. मी कारभारींचा फोन नंबर विचारला. तो त्यांना पाठ नव्हता. एवढ्यात माझाच फोन वाजला.

"साळवे का? पोलीस चौकीतून बोलतोय. तुमची पांढरी गाडी आहे?"

"हो... नाही... म्हणजे आहे."

"तीत गोधड्या आहेत?"

"आहेत साहेब."

"आणि या कारभारी दाभाडेंची आई कुठंय?"

"त्या... त्या चहा पितायत. दुसरा कप."

पलीकडं एकच गलका झाला. फोन कोणीतरी हिसकावून घेतला. "ए! माझ्या आईला हात लावला तर बघ! तुला काय पाहिजे ते सांग! बस्ता ठेव, गाडी ठेव, आई दे!" आणि मग तो दणकट आवाज एकदम चिरकला. "बीपीची गोळी खायची ऱ्हायलीय रं तिची..."

तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली. इतका वेळ मी माझ्या अब्रूची काळजी करत होतो. तिकडं एक माणूस तासभर त्याची आई शोधत गुलमंडीच्या गल्ल्या धुंडाळत होता.

"दादा," मी म्हणालो, "आई ठणठणीत आहेत. वीस मिनिटांत आणतो. चूक माझी आहे."

परत जाताना गाडी मी अशी चालवली, जणू मागं काचेच्या बरण्या भरल्यात. आजी वैतागल्या. "लई हळू हाकतो बाबा तू. कारभारी कसा हाणतो गाडी!"

पैठण गेटच्या त्या गल्लीत आमच्या स्वागताला निम्मं शहर जमलं होतं. मधोमध माझी गाडी, सगळी दारं उघडी. तिथं घडलं होतं ते असं. कारभारी, त्यांची बायको आणि नवरी सोनिया शालू घेऊन परतले. त्यांचीही चावी माझ्या चावीसारखीच झिजलेली. माझ्याच गाडीला लावली, लागली! मागची सीट पाहिली तर आई गायब आणि आईच्या जागी मळक्या गोधड्या! कारभारींच्या बायकोनं तिथंच हंबरडा फोडला. गर्दीत कोणी म्हणालं भानामती, कोणी म्हणालं टोळी. शेवटी हवालदारानं नंबर वाचला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या कागदांवर माझं नाव आणि फोन नंबर सापडला.

कारभारी धिप्पाड गडी. धावत आले ते आधी आईच्या पायाशी बसले, गोळी दिली, पाणी पाजलं. मग उठले आणि बाह्या सरसावत माझ्याकडं वळले. मी डोळे मिटले.

"थांब!" आजी कडाडल्या. "त्याला काय म्हणू नको. लई गुणाचं लेकरू हाय. मला दोन कप च्या पाजला. आपल्या गाडीला नवी चाकं बसवली!"

सगळी गर्दी खाली वाकली आणि टायर बघू लागली. खरंच, टायर देखणे होते.

हवालदारानं मला विचारलं, "दुसऱ्याच्या गाडीला टायर बसवून गाडी चोरता? असा चोर मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय."

मग फकिराशेठ आले. आल्या आल्या आजींना हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, मी तुम्हाला इचारलं, मागं आजी पडल्यात, उतरवू का? तुम्ही म्हटलात, आठवडा झाला तिथंच पडलंय! मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, असला नीच पोरगा बघितला नाय!"

मी म्हणालो, "शेठ, ते सगळं सोडा. यांचे जुने टायर परत चढवा आणि हे माझ्या गाडीला लावा."

"जुने? ते तर एक बैलगाडीवाला टेम्पोत टाकून घेऊन गेला. मघाशीच. फुलंब्रीच्या पुढं गेला असंल आता."

कारभारींनी लगेच खिशात हात घातला. "दादा, टायरचे पैसे घ्या. फुकटचं नको आपल्याला."

सगळं गाव बघत होतं. सोनिया नवरी डोळे पुसत होती. हवालदार बघत होता. मी ज्याला तासभर जिवंत मारलं, त्याच माणसाकडून पैसे घेऊ? मी मोठ्या मनानं म्हणालो, "राहू द्या हो. लग्नघर आहे तुमचं."

मला वाटलं, कारभारी आणखी एकदा आग्रह करतील.

त्यांनी केला नाही.

उलट मला कडकडून मिठी मारली, सगळ्यांसमोर आमंत्रण दिलं, आणि त्या चार सख्ख्या भावांवर बसून कुटुंबासह गंगापूरला निघून गेले. मी माझ्या गाडीत बसलो. ती तीनदा खोकली. घरी गेल्यावर सरितानं आधी नंबर पाहिला, मग टायर पाहिले, मग गोधड्या पाहिल्या आणि मग माझ्याकडं पाहिलं. मग गोधड्या उचलून तिनं स्वतःच धुवायला टाकल्या. रात्री मात्र झोपेत हसत होती.

लग्नाला आम्ही गेलो. आजींचा तीनदा फोन आला, जाणं भागच होतं. मंडप भरलेला, पंगती उठत होत्या आणि माईकवर एक गृहस्थ आहेर पुकारत होते. अमक्या मामांकडून पितळी समई. तमक्या सोयऱ्यांकडून कपाट. मी जिलबीचा घास तोंडात घातला आणि कर्ण्यातून आवाज घुमला:

"बजाजनगरचे सन्माननीय अभयराव साळवे यांच्याकडून वधूपित्यास... चार टायर!"

उरलेली जिलबी मी ताटात परत ठेवली. मंडपात टाळ्यांचा कडकडाट! मला धरून स्टेजवर नेलं. टोपी घातली, टॉवेल दिला, नारळ दिला. भामाबाईंनी दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. खाली उतरतो न उतरतो तोच एका पागोटेवाल्या बाबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "साहेब, पुढच्या महिन्यात आमच्याबी पोरीचं हाय. ट्रॅक्टरचे देता का?"

मी सरिताचा हात धरून मंडपाबाहेर पडलो. ती म्हणाली, "अहो, चला पटपट. आपली गाडी गुळगुळीत टायरांवर घरीच उभी आहे. शेवटची जीप भरत आलीय, उभं राहून जावं लागेल."