कॉलच्या निरोपाला आलेला वास

डेसमंड हार्किन होबार्टच्या विद्यापीठात सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होता. गंधकाच्या ज्या संयुगांवर त्याचं संशोधन चाले, त्यांच्यापुढे सडका कांदा परवडला. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळतात ते त्यांचंच भावंड. तरी डेसची फुशारकी अशी, की आपल्या प्रयोगशाळेचा वास कधी बाहेर जात नाही.

याचं श्रेय खरं कॉल प्रुएटचं. कॉल त्याचा प्रयोगशाळा सहायक. संध्याकाळी तो डेसला नखशिखांत हुंगायचा आणि मगच म्हणायचा, "जा आता घरी."

तो कॉल मार्चमध्ये गेला. गुरुवारी अकराला चर्चमध्ये त्याचा अखेरचा निरोप होता आणि डेस बोलणार होता. नेमकं त्या सकाळी तॅमसिन या विद्यार्थिनीच्या चंबूचं बूच अडकलं. असली बुचं कॉल काढायचा. डेसनं स्वतःच हिसका दिला. बूच निघालं, थोडं सांडलंही.

"डेस, कपडे बदला," तॅमसिन नाक दाबून म्हणाली.

"मला तर काहीच वास येत नाही."

"तुमचं नाक कधीच कामातून गेलंय."

त्यानं शर्ट-पँट बदलली. बुटांकडे लक्ष गेलं नाही.

चर्चमध्ये त्याची तीन वाक्यंही झाली नव्हती, तोच पुढच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "गॅस सुटलाय." मग डेसमधला रसायनशास्त्रज्ञच पुढे सरसावला. "दिव्यांच्या बटणांना हात लावू नका. सगळे बाहेर चला." सहा जणांनी कॉलची शवपेटी उचलून हिरवळीवर आणली. अग्निशमन दलाची गाडी आली. एक जवान यंत्र घेऊन चर्चभर फिरला, हात हलवत बाहेर आला, डेसजवळ थबकला आणि खाली वाकला.

"साहेब, हे तुमच्या बुटांतून येतंय."

शंभर माणसं त्या बुटांकडे बघू लागली. डेसला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कॉलची बायको बेरिल समोरून येत होती.

"बेरिल, चुकलो मी. मी जातो."

"थांब." तिनं त्याची बाही धरली. "रोज असाच यायचा रे तो घरी. मी त्याला अंगणातच कपडे काढायला लावायचे, वर शिव्या घालायचे. आता कपाटं हुंगत बसते. पण मेलं सगळं मीच धुऊन ठेवलंय."

डेसनं उरलेलं भाषण हिरवळीवरच वाचलं. लोक वाऱ्याचा रोख बघून लांब उभे होते, त्यांना अक्षरही ऐकू गेलं नाही. बेरिल मात्र त्याला खेटून उभी होती.

शेवटी ती हळूच म्हणाली, "बूट ठेवून जाशील?"

डेसनं तिथेच खाली बसून नाड्या सोडल्या आणि नुसत्या मोज्यांवर बसथांबा गाठला. बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं, एक श्वास घेतला आणि दार पुन्हा लावून घेतलं.