डुलकी न येणारी डिस्क

“कुठलीही डिस्क आणा, माझा ड्रायव्हर तिला नांदवणारच!” युन-फांगने तुकडीचे प्रमुख लाई साहेबांना छाती ठोकून सांगितलं होतं. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि डिस्क यांच्यातला मध्यस्थ, आणि हा तिने वर्षभर खपून लिहिलेला. जपानहून आलेल्या हिरायामांनी तो पसंत केला तर तैवानमधल्या शिन्चूची ही अख्खी तुकडी टिकणार, नाहीतर सगळ्यांना नारळ!

हिरायामांनी बॅगेतून एक जुनाट डिस्क काढून जोडली. पडद्यावर तिचं नावच येईना!

“पाकीट बघा, पाकीट!” लाई साहेब ओरडले. यंत्र रुसू नये म्हणून त्यावर कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट ठेवल्याशिवाय शिन्चूत कोणी बटण दाबत नाही. तुकडीतल्या फानने ते उचलून पाहिलं आणि तो पांढराफटक पडला.

“साहेब, मुदत कालच संपली!”

“म्हणूनच रुसलंय! पळ, ताजं आण! आणि पिवळं आणलंस तर यंत्र कायमचं बसेल, सांगून ठेवतो!”

“साहेब, पाकिटाचा काय संबंध?” युन-फांगने विचारलं.

“तू गप्प बस गं! आधी हात जोड!”

सगळे पाकिटामागे लागले. तेवढ्यात युन-फांगने ड्रायव्हरच्या नोंदी उघडल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. तिचा ड्रायव्हर डिस्कला विचारत होता, “काम नसताना डुलकी घेऊन वीज वाचवता येते का?” जुनी बिचारी प्रामाणिकपणे म्हणाली, “नाही बाई.” झालं! माहिती साठवण्यात तरबेज असलेल्या डिस्कला त्याने दारातूनच परत पाठवलं. मुलीला गाता येत नाही म्हणून स्थळ मोडणारा हा कुठला शहाणा! आणि त्याला असं शिकवलं कोणी? तिनेच की.

तिने भराभर चार ओळी बदलल्या. डिस्क नाही म्हणाली तर ‘बरं’ म्हण, नोंद कर आणि बाकीचं काम चालू ठेव.

फान धापा टाकत आला, त्याने ताजं पाकीट यंत्रावर ठेवलं आणि नेमकी तेव्हाच डिस्क पडद्यावर झळकली!

“बघितलंस? पाकिटाचा गुण!” लाई साहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

हिरायामा मात्र पडद्यावरची नोंद वाचत होते. “‘डुलकीची सोय नाही, त्यावाचून चालवत आहे.’ वा! असाच समजूतदार ड्रायव्हर हवा होता मला. करार पक्का!”

युन-फांगला आभाळ ठेंगणं झालं. त्या भरात तिने ताजं पाकीट फोडलं आणि सगळ्यांदेखत मूठभर खाऊ तोंडात टाकला.

“अगं ए, ते खायचं नसतं!” लाई साहेब किंचाळले.

“का? चालतेय की डिस्क!”

डिस्क चालतच राहिली. बंद पडली ती लिफ्ट. हिरायामांच्या बॅगा उचलून युन-फांगला अकरा मजले उतरावं लागलं. दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत ती लिफ्टपाशी गेली आणि मुदत नीट तपासून एक हिरवं पाकीट दारावर चिकटवून आली.